आजोबांची फियाट आणि मिउराचे मालक

प्रश्न असा आला आहे: "मी सोलापुरात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लॅम्बोर्गिनी मिउरा या गाडीचे मला शाळेत असल्यापासून वेड आहे. इतक्या दुर्मीळ गाड्यांचे मालक त्या चालवतात की झाकून ठेवतात, आणि पन्नास-पंचावन्न वर्षांनंतरही त्या चालू स्थितीत कशा राहतात? आमच्या वाड्यात आजोबांची १९६९ ची फियाट ११०० डिलाइट अकरा वर्षे उभी आहे. मिउराच्या मालकांकडून तिच्यासाठी काही शिकण्यासारखे आहे का?"

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: आहे, आणि तुम्हाला वाटते त्याहून बरेच जास्त आहे. मी अक्कलकोट रोडवर स्वतःचे वर्कशॉप सुरू करण्याआधी चौदा वर्षे दुबईत एका संग्राहकाच्या गॅरेजमध्ये काम केले. तिथे जुन्या इटालियन गाड्यांमध्ये दोन मिउरा होत्या, दोन्ही 'एस' प्रकारच्या, आणि त्यांच्या कार्बोरेटरांची, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागांची, जबाबदारी माझ्याकडे होती. त्याआधीची माझी सगळी उमेदवारी फियाटवर झाली होती. मिउराचे कार्बोरेटर पहिल्यांदा टेबलावर उघडून ठेवले तेव्हा मला त्यात अनोळखी असे फारसे काही दिसले नाही. भांड्यातल्या पेट्रोलची पातळी राखणारे फ्लोट आणि सुई, पेट्रोल मापून सोडणारे जेट, सारे ओळखीचेच होते, फक्त फियाटला जे एकदा करायचे ते इथे बारा वेळा करायचे होते.

आता ती गाडी काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण ती कशी जपतात हे तिच्या रचनेवरूनच ठरते. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हे मूळचे ट्रॅक्टरवाले. त्यांनी ट्रॅक्टरचा धंदा १९४८ मध्ये सुरू केला आणि मोटारींची कंपनी १९६३ मध्ये काढली. (आपल्याकडच्या ऊसवाल्या मंडळींना हे सांगितले की त्यांचा या गाडीविषयीचा आदर एकदम वाढतो, असा माझा अनुभव आहे.) जान पाओलो दलारा, पाओलो स्तान्झानी आणि चाचणी चालक बॉब वॉलेस या तरुण मंडळींनी मिउराची नुसती चासी, म्हणजे खालचा सांगाडा, तयार केली आणि ती नोव्हेंबर १९६५ मध्ये तुरीनच्या प्रदर्शनात मांडली. गाड्यांच्या बॉडी घडवणाऱ्या बेर्तोने कंपनीतल्या मार्चेल्लो गांदिनी यांनी तिच्यावर बॉडी चढवली आणि मार्च १९६६ मध्ये पूर्ण गाडी जिनिव्हात लोकांसमोर आली. १९७३ पर्यंत सर्व प्रकार मिळून सुमारे ७६० गाड्या बनल्या आणि त्यांतल्या शेवटच्या 'एसव्ही' प्रकाराच्या केवळ १५० होत्या. चालकाच्या पाठीमागे, एका उभ्या काचेच्या पलीकडे, ३,९२९ सीसीचे बारा सिलिंडरचे इंजिन आडवे बसवलेले असते. त्याच्या माथ्यावर वेबर कंपनीचे तीन-तीन नळकांड्यांचे चार कार्बोरेटर असतात. पेट्रोलची टाकी मात्र पुढे, पुढच्या चाकांच्या मधल्या भागात असते, त्यामुळे टाकी रिकामी होत जाईल तसे नाक हलके होते आणि जास्त वेगात ते उचलल्यासारखे वाटते. म्हणून जाणकार मालक टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाहीत.

मालक ती चालवतात का? चांगले मालक चालवतात. मी पाहिलेल्या संग्राहकांपैकी जे गाडीला वातानुकूलित दालनात ठेवून वर्षातून एकदा पाहुण्यांसमोर सुरू करत, त्यांच्या गाड्यांवर मला सर्वांत जास्त काम करावे लागले. एक प्रसंग सांगतो. एका मालकाची मिउरा तीन उन्हाळे अशीच उभी होती. पाहुणे यायचे म्हणून त्यांनी कोणालाही न विचारता बॅटरी जोडून सेल्फ मारला. बारा नळकांड्यांना पेट्रोल पुरवणाऱ्या भांड्यांपैकी एकाची सुई वाळलेल्या पेट्रोलच्या राळेने चिकटून उघडीच राहिली होती. भांडे भरून वाहू लागले आणि पेट्रोल इंजिनाच्या माथ्यावर पसरले. मी शेजारच्या दालनात होतो. वास आला म्हणून धावत गेलो आणि आधी बॅटरीची तार काढली. ठिणगी पडली नाही, म्हणून ती गाडी आज आहे.

मिउरांना आग लागण्याच्या कथा तुम्ही वाचल्या असतील. त्यांत अतिशयोक्ती असते, पण मुळाशी खरे कारण आहे. हे वेबर कार्बोरेटर शर्यतीच्या गाडीसाठी, म्हणजे सतत उघड्या थ्रॉटलवर, पाय दाबूनच, चालण्यासाठी, तयार झाले होते; गावातल्या सिग्नलला पाच मिनिटे मंद चालत राहणे हा त्यांचा धर्म नव्हे. मंद गतीवर जास्तीचे पेट्रोल साचते, मग चालक अचानक जोरात पाय देतो, आणि एखाद्या नळकांड्यातून उलटी ज्वाला आली तर साचलेले पेट्रोल पेटायला वेळ लागत नाही. त्यातून वरच्या नळ्या पन्नास वर्षांच्या असतील तर मग बोलायलाच नको. त्यामुळे मिउराचा शहाणा मालक गाडी घेतल्यावर पहिला खर्च रंगावर किंवा चामड्यावर करत नाही. तो पेट्रोलच्या सगळ्या नळ्या, क्लॅम्प, सुया आणि फ्लोट बदलून किंवा तपासून घेतो आणि केबिनमध्ये हाताशी येईल असे अग्निशामक बसवतो. तेही भुकटीचे नको. साध्या भुकटीने आग विझते खरी, पण नंतर हवेतल्या ओलाव्याबरोबर तीच भुकटी ॲल्युमिनियमला आणि तारांच्या जोडांना खाऊ लागते. जिथे जमेल तिथे मागे काहीही न सोडणाऱ्या वायूचे अग्निशामक घ्यावे.

इथे सोलापूरकरांसाठी हा विषय अधिक गंभीर होतो, कारण आपल्या पंपांवर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जिल्ह्याच्या ऊस अर्थकारणासाठी ती चांगली गोष्ट आहे आणि नव्या गाड्या त्या हिशोबानेच बनतात. १९६९ च्या फियाटच्या किंवा मिउराच्या रबराने मात्र इथेनॉल कधी पाहिलेले नाही. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते आणि मऊ करते, कॉर्कच्या गॅस्केटमधून झिरपते, टाकीच्या आतील शिसे-कथलाच्या मुलाम्यावर परिणाम करते आणि हवेतले पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. उभ्या गाडीत हाच थर कार्बोरेटरच्या भांड्यात उतरतो आणि दोन-चार महिन्यांनी उघडले की आत पांढरी भुकटी सापडते. तुमच्या फियाटच्या नळ्या बदलताना दुकानदाराला नुसते "पेट्रोल पाइप द्या" म्हणू नका. आतून फ्लोरोकार्बन रबराचे अस्तर असलेला पाइप मागा, त्याच्यावर जे३० आर९ असा छाप असतो. तो महाग आहे, पण गाडीला एकूण लागतो तो दोन-अडीच मीटर.

दुसरा परिणाम मिश्रणावर होतो आणि तुम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी असल्याने तो आकड्यांत सांगतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ भाग. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला हा आकडा साधारण १३.५ वर येतो. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतो; कार्बोरेटरचे जेट म्हणजे पितळेतले एक भोक, ते काही ओळखत नाही. म्हणजे त्याच जेटवर मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी कोरडे होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, इंजिन तापते आणि पाय देताना अडखळते. वेबरच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो; १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. त्याऐवजी १२५ चा घातला तर भोकाचे क्षेत्रफळ सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढते आणि हिशोब जवळपास जुळतो. प्रत्येक गाडीला नेमका हाच बदल लागेल असे नाही. प्लगचा रंग पाहूनच शेवटचा निर्णय घ्यावा. पण विचाराची दिशा ही आहे. मिउरावर हे काम बारा जेटांचे आहे आणि त्यानंतर बाराही नळकांड्यांतली हवा मापकाने सारखी करावी लागते. पहिल्यांदा मला त्याला दोन दिवस लागले होते.

उन्हाविषयी वेगळे लिहायला हवे. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, दुबईतही तसाच जाई, आणि इथेनॉल ७८ अंशांना उकळते. गाडी चालवून बंद केली की इंजिनाची उष्णता वर चढते आणि भांड्यातले व नळीतले इंधन उकळून वाफ होते. मग दहा मिनिटांनी गाडी सुरू होत नाही. जुने फियाटवाले चालक इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओले फडके टाकत असत, त्यात मूर्खपणा काहीच नव्हता. मिउराच्या मागच्या झाकणावरच्या आडव्या पट्ट्यांच्या आकाराची फार स्तुती होते, पण त्या मुळात इंजिनाची धग बाहेर जावी म्हणून आहेत. तिथल्या गॅरेजचा नियम असा होता की उन्हाळ्यात गाडी फक्त पहाटे बाहेर काढायची आणि परत आल्यावर मागचे झाकण अर्धा तास उघडे ठेवायचे.

आणि बाहेर काढायची म्हणजे खरोखर बाहेर काढायची. दर आठवड्याला जागेवरच दहा मिनिटे सुरू ठेवण्याची जी पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे, ती मी गाडीला दिलेली शिक्षा समजतो. थंड इंजिन चोकवर चालते, तेव्हा जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन टाकते. जळताना तयार झालेले पाणी सायलेन्सरमध्ये आणि तेलात साचते, आणि ते उडून जाण्याइतकी उष्णता येण्याआधीच गाडी बंद होते. काट्यावर पाणी गरम दिसले तरी तेल गरम व्हायला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. त्यापेक्षा महिन्यातून दोनदाच, पण उजाडायच्या वेळी पुणे रस्त्याने मोहोळपर्यंत जाऊन यावे. एवढ्या अंतरात तेल, गियरबॉक्स, ब्रेक, सगळे आपापल्या तापमानाला येते, सील ओले राहतात आणि काही बिघडत असेल तर ते लहान असतानाच कानाला कळते.

मिउरामध्ये तेलाला आणखी एक अर्थ आहे. जागा वाचवण्यासाठी इंजिन आणि गियरबॉक्स एकाच ओतीव भागात बसवले गेले आणि दोघांना एकच तेल दिले गेले. ही कल्पना छोट्या ब्रिटिश मिनीसारखीच. गियरच्या दातांचा चुरा त्यामुळे बेअरिंगांपर्यंत पोहोचू शकतो. उत्तरार्धातल्या काही एसव्हींमध्येच ही दोन तेले वेगळी झाली. मालक म्हणून तिथे उपाय एकच: तेल बदलण्याची मुदत किलोमीटरवर न मोजता महिन्यांवर मोजायची आणि निचऱ्याच्या चुंबकी बोल्टवर काय चिकटले आहे ते दर वेळी पांढऱ्या कापडावर पुसून पाहायचे. ते कापड आम्ही तारीख घालून पिशवीत जपून ठेवत असू. वेडेपणा वाटेल, पण एकदा अशाच दोन कापडांची तुलना करून आम्ही गियरबॉक्स वेळेत उघडला.

इथून मी कागदपत्रांकडे वळतो, कारण दुर्मीळ गाडीची अर्धी किंमत लोखंडात असते आणि अर्धी कागदात. मिउरा एस गाड्यांना पुढे एसव्हीचे रूप दिले गेल्याची उदाहरणे आहेत. एसव्हीच्या दिव्यांभोवती जुन्या गाड्यांची ती पापण्यांसारखी पट्टी नाही आणि मागचे अंग रुंद आहे, त्यामुळे डोळ्यांना फसवणे फार अवघड नाही. फसत नाहीत ते क्रमांक: चासीचा, इंजिनाचा आणि बॉडीचा. म्हणूनच या गाड्यांचे शौकीन चासी क्रमांकानुसार नोंदवह्या ठेवतात. कोणती गाडी कोणत्या रंगात, कोणत्या देशात गेली, कधी ठोकली गेली, कधी रंग बदलला. कंपनीनेही २०१५ मध्ये पोलो स्तोरिको नावाचा स्वतंत्र विभाग काढला, जो जुन्या नोंदी तपासून गाडीच्या अस्सलपणाचे प्रमाणपत्र देतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ३५८६ क्रमांकाच्या चासीचे. १९६९ मध्ये आलेल्या एका इंग्रजी चित्रपटाच्या सुरुवातीला आल्प्सच्या रस्त्यावर धावणारी नारिंगी मिउरा हीच, हे तिच्या मालकांना अनेक वर्षे सिद्ध करता येत नव्हते, कारण चित्रीकरण झाल्यावर ती इतर गाड्यांसारखीच विकली गेली होती. पन्नास वर्षांनी, २०१९ मध्ये, पोलो स्तोरिकोने कारखान्याच्या नोंदी आणि जुन्या कर्मचाऱ्यांच्या आठवणी एकत्र करून ते प्रमाणित केले. चित्रीकरणात खराब होऊ नयेत म्हणून तिची पांढरी आसने काढून काळी बसवली होती, आणि डोक्यामागच्या गाद्या मात्र पांढऱ्याच राहिल्या होत्या, अशा बारीकसारीक तपशिलांना तिथे महत्त्व आले. कोणीतरी कारखान्यात कागद फेकून दिला नाही, म्हणून हे जमले.

आता तुमच्या वाड्यातल्या गाडीकडे येऊ. ती केवळ आजोबांची म्हणून नव्हे, सोलापूरची म्हणूनही जपण्यासारखी आहे: ज्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, ज्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तुमची फियाट बनली, ते वालचंद हिराचंद १८८२ मध्ये आपल्याच गावात जन्मले. तिच्यात १,०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आहे आणि सुटे भाग अजून मिळतात, हे तुमचे भाग्य; मिउराच्या मालकाला एका ट्रिमच्या तुकड्यासाठी सहा महिने थांबावे लागते.

रंगाला सध्या हात लावू नका. घरातले सगळे "नव्यासारखी करू" म्हणतील, आणि डेंटिंग-पेंटिंगवाला आनंदाने सगळा जुना रंग खरवडून, पुट्टी भरून, मूळ नसलेल्या चकचकीत छटेत गाडी परत देईल. जुना रंग गेला की परत येत नाही. जगभरच्या स्पर्धांमध्ये आता पुन्हा न रंगवलेल्या, मूळ स्थितीतल्या गाड्यांसाठी स्वतंत्र वर्ग असतो, तो उगाच नव्हे. आधी सगळ्या बाजूंनी, खालूनही, फोटो काढा. आरसी बुक, जुन्या पावत्या, आजोबांची पेट्रोलची वही असेल तर तीही एका फाइलमध्ये लावा. जो नट काढाल तो नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवा. गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री असेल तर आजच काढा, तिच्याखाली घाम धरतो आणि गंज चढतो. सुती आच्छादन हवे, पण सोलापुरी चादर नको. तिच्या जाड विणीत धूळ अडकते आणि प्रत्येक वेळी ओढताना रंगावर ओरखडे उठतात. हे सांगताना मला वाईट वाटते, कारण माझे वडील मागावर होते. टायर कितीही नवे दिसले तरी बदला. कडेवरच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, आणि तसे आकडेच नसतील तर टायर २००० च्या आधीचे आहेत.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी मिळते. ती दहा वर्षांसाठी असते आणि दिसायला रुबाबदार आहे, पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती असते. मोहोळच्या फेऱ्या करायच्या असतील तर आधी सध्याच्या नोंदणीचे नूतनीकरण होते का ते आरटीओमध्ये विचारा. नव्या पाटीच्या मोहात घाई करू नका.

आणि गाडी सुरू करण्याचा प्रयत्न एवढ्यात अजिबात करू नका. टाकीतले जुने पेट्रोल काढा, टाकी आतून पाहा, कार्बोरेटर उतरवून माझ्याकडे आणा किंवा स्वतः उघडा. तुमच्या वयात स्वतः उघडलेले बरे. ब्रेकचे सगळे सील आणि तेल बदलायचेच आहे, ते सुरू होण्याच्या आधी, नंतर नव्हे. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल घाला आणि दोन दिवस तसेच राहू द्या. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुलीच्या नटला पाना लावा आणि हलक्या हाताने, सरळ दिशेने, इंजिन फिरवून पाहा. फिरले तर प्लग न लावता सेल्फ मारून तेलाचा दाब येतो का ते पाहू. नाही फिरले तर जोर लावू नका; आणखी तेल घालून आठ दिवस थांबा, आणि मला कळवा.